लस आमच्या हडपसरची, क्वारंटाइन मात्र रेडिंगला

लेक ब्रिटनमध्ये रेडिंगला, तिला बाळंतपणाची ऑक्टोबरच्या मध्याची तारीख दिलेली आणि २०२१ च्या २३ एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या कोरोनाच्या रेड लिस्टमध्ये. रेड म्हणजे तिथले नागरिक नाहीतर तिथे राहायचा परवाना असलेले सोडून कुणालाच एंट्री नाही, आणि त्यांनाही सरकारने ठरवलेल्या हॉटेलात दहा दिवस कोंडून घ्यायचं, एका माणसाचे १,७५० पौंड, नंतर तर ते २,२८५ केले. आमचा तर साधा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे आमचा प्रश्नच नव्हता. शिवाय एप्रिल-मेमध्ये इथे बेड आणि ऑक्सिजनसाठी लोकांची जी धावाधाव चालली होती ती बघता बाळंतपणाला परदेशी जायचंय हे चारचौघांत बोलायचीही लाज वाटायची. मग ८ ऑगस्टला भारत रेडमधून अंबरमध्ये आला आणि ह्यांनी त्याच संध्याकाळी चष्मा लावून तिकिटं बघायला घेतली.

अंबरचा तेव्हाचा नियम असा की निघण्याआधी तीन दिवसांत टेस्ट, तिकडे गेल्यावर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट, आणि दहा दिवस घरात क्वारंटाइन. लसीचे दोन डोस झालेल्यांना क्वारंटाइन नाही. पण डोस ब्रिटनमध्ये, युरोपात किंवा अमेरिकेत घेतलेले पाहिजेत, इथले चालणार नाहीत.

आता आम्ही राहतो हडपसरला. लस बनवणाऱ्या सीरम कंपनीची भिंत आमच्या रोजच्या रस्त्यावर. १२ जानेवारीला पहाटे कोव्हिशील्ड लसीचे पहिले ट्रक पूजा करून मांजरी गावातल्या त्यांच्या कारखान्यातून एअरपोर्टला निघाले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच व्हिडिओ फिरत होते. तीच लस सीरमने ब्रिटनलाही पाठवली होती, पन्नास लाखांच्या आसपास डोस, आणि ते तिथल्या लोकांना टोचूनही झाले होते. म्हणजे पुण्यात भरलेली बाटली मँचेस्टरच्या माणसाच्या दंडात गेली तर तो व्हॅक्सिनेटेड आणि तीच मांजरीपासून चार किलोमीटरवर माझ्या दंडात गेली तर मी अनव्हॅक्सिनेटेड. जुलैमध्ये एक गंमत झालीच होती, एका ब्रिटिश जोडप्याला माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही कारण त्यांना मिळालेली बॅच भारतात बनलेली होती, मग दोनतीन दिवसांत माल्टाने नियम बदलला. त्यांच्यासाठी दोनतीन दिवसांत बदलला हं. आमच्यासाठी काय काय व्हावं लागलं ते पुढे सांगतेच.

१४ सप्टेंबर, मंगळवार. गौरींचं विसर्जन आणि स्वॅब एकाच दिवशी. फ्लाइट गुरुवारी पहाटेची, म्हणजे टेस्ट सोम-मंगळ-बुधपैकी कधीही चालते, पण सोमवारी गौरीजेवण, सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या सोडून मी नाकात काडी घालून घ्यायला बसणार नव्हते, आणि बुधवारी दिली तर रिपोर्ट वेळेत यायची खात्री नाही. म्हणून मंगळवार सकाळ. लॅबचा मुलगा घरी आला, घरी येऊन घेतल्याचे माणशी आठशे, सरकारने ठरवून दिलेला दर होता तो.

त्याच दिवशी दुपारी ब्रिटन सरकारचा तो पॅसेंजर लोकेटर फॉर्म. हा फॉर्म आधी भरून ठेवू म्हटलं तर चालत नव्हतं, तिकडे उतरायच्या आधीच्या ४८ तासांतच भरता यायचा, आणि ते ४८ तास तिकडच्या घड्याळाने, म्हणजे आपले साडेचार तास मिळवून. ह्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने सगळा हिशोब मांडला होता, मंगळवार सकाळी साडेअकराच्या पुढे. बरोबर पावणेबाराला लॅपटॉप उघडून बसले. पासपोर्ट नंबर, फ्लाइट नंबर, सीट नंबर, रेडिंगचा पत्ता पोस्टकोडसकट, मागच्या दहा दिवसांत कुठे कुठे होतात, आणि दुसऱ्या-आठव्या दिवसाच्या टेस्टचं बुकिंग केल्याचा रेफरन्स नंबर. हा नंबर नसेल तर फॉर्म पुढेच सरकत नव्हता, म्हणजे टेस्टचे पैसे आधी भरलेले पाहिजेत.

ते टेस्टचं बुकिंग लेकीने आधीच करून ठेवलं होतं, त्याचीही एक कथाच आहे. त्यांच्या सरकारी वेबसाइटवर खाजगी कंपन्यांची लांबलचक यादी, वर सगळ्यात स्वस्त वीस पौंड लिहिलेलं, क्लिक केलं की ते वीसवालं संपलेलं नाहीतर पाचशे मैलांवर जाऊन द्यायचं आणि शेवटी भरायचे साठ-सत्तर. ऑगस्टमध्ये त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनीच अशा ८२ कंपन्यांना चुकीच्या किमती दाखवल्याबद्दल तंबी दिली होती. सरकारी किट घ्यायचं तर दोन टेस्टचे १३६ पौंड, तेही कमी करून, आधी १७० होते. जावई म्हणाले थोडे स्वस्तात एका खाजगीकडे मिळतायत, घेतले. त्या खाजगीचं पुढे काय झालं ते येईलच.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता की तुमचं लसीकरण पूर्ण झालंय का, म्हणजे त्यांच्या मान्यतेप्रमाणे. हे माझ्याकडे बघायला लागले. "काय लिहू?" म्हटलं नाही लिहा. मार्चमध्ये उन्हात रांग लावून पहिला डोस घेतला, मग सरकारने दोन डोसमधलं अंतर वाढवत वाढवत बारा आठवड्यांवर नेलं, जूनमध्ये दुसरा झाला, फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं कोविनचं, म्हणजे आपल्या सरकारच्या लसीच्या पोर्टलचं, सर्टिफिकेट समोर दिसतंय आणि आम्ही 'नाही' वर टिक करतोय.

१५ सप्टेंबर, बुधवार. रिपोर्ट दुपारी आला, निगेटिव्ह. पण आमच्या दोघांच्या पासपोर्टवर नाव आहे तसं रिपोर्टवर नाही! माझ्या पासपोर्टवर माझं नाव, ह्यांचं नाव, मग आडनाव. लॅबवाल्याच्या ॲपमध्ये फक्त पहिलं नाव आणि आडनाव. ब्रिटनच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं की रिपोर्टवरचं नाव प्रवासाच्या कागदाशी जुळलं पाहिजे, जन्मतारीख किंवा वय पाहिजे, सॅम्पल कधी घेतलं ते पाहिजे, लॅबचा पत्ता-फोन पाहिजे, आणि रिपोर्ट इंग्लिश, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्येच पाहिजे. मी फोन केला, तिकडची मुलगी म्हणते "मॅडम सगळ्यांना असंच देतो." म्हटलं बाळा सगळे बारामतीला जातायत, मला लंडनला जायचंय. तासाभरात नवीन पीडीएफ आली, पासपोर्ट नंबरसकट. कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती काढल्या कारण मोबाईलचं काही सांगता येत नाही.

बॅगा. बाळंतिणीचं सगळं सामान न्यायचं पण तूप नाही. दुधाचं आणि मांसाचं काहीही बाहेरून नेता येत नाही तिकडे, म्हणून तयार लाडूही नाहीत. डिंक, आळीव, खारीक पूड, गोडंबी, सुंठ, बाळंतशोपा, हे सगळं पाकिटात सील करून वर नावं लिहिली, उद्या कुणी कस्टममध्ये विचारलं की ही पांढरी पूड कसली तर सुंठीला काय म्हणतात ते ह्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

रात्री टॅक्सीने मुंबई. एक्सप्रेसवेवर पाऊस.

१६ सप्टेंबर, गुरुवार. मुंबईच्या टर्मिनल टूवर इतकी विद्यार्थ्यांची गर्दी की आम्हीच वेगळे दिसत होतो, सप्टेंबर म्हणजे तिकडची कॉलेजं सुरू व्हायचा महिना. आमच्या पुढे लातूरचा एक मुलगा, लेस्टरला मास्टर्सला निघालेला, आईवडील बाहेर सोडून गेलेले. काउंटरवर त्याला बाजूला काढलं कारण त्याच्या फॉर्मवर टेस्टचा नंबर नव्हता, ऑर्डर नंबर टाकलेला होता आणि तो चालत नाही. पोरगं घामाघूम. ट्रॉलीवर बसून मोबाईलवर ईमेल शोधतंय, मोबाईलची बॅटरी चार टक्के. ह्यांनी पॉवर बँक काढून दिली आणि शेजारी उभं राहून "आता सबमिट दाब, आता स्क्रीनशॉट काढ" असं करत त्याचा फॉर्म पूर्ण करून घेतला. मंगळवारी स्वतःचा भरताना दोनदा लॅपटॉपवर चिडलेला हा माणूस, दोन दिवसांत एक्सपर्ट.

आमचे कागद बघताना काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट, फॉर्मचा क्यूआर, टेस्टचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळं बघितलं. मी हौसेने कोविनचं सर्टिफिकेटही पुढे केलं. "ये नहीं चाहिए आंटी." ठेवलं परत.

विमानात नऊ-दहा तास मास्क. त्याबद्दल काय लिहू, सगळ्यांनी लावले होते, फक्त जेवण आलं की सगळे एकदम काढायचे, व्हायरसलाही जेवणाची सुट्टी असावी.

हीथ्रोला इमिग्रेशनची रांग मोठी होती पण ऑफिसरने विचारलं फक्त इतकंच की कुणाकडे, किती दिवस, आणि क्वारंटाइन कुठे करणार. कुणीच त्या रिपोर्टला हात लावला नाही. जावई गाडी घेऊन आले होते. मास्क लावून, खिडक्या उघड्या, आम्ही दोघं मागे. लेक घरी दारात उभी, आठ महिन्यांचं पोट, आणि मी तिला दोन हातांवरून नमस्कार केल्यासारखं करून थेट जिन्याने वर. दोन वर्षांनी भेटत होतो. तिला जवळ घ्यायची नाही हे मी विमानात स्वतःला बजावून ठेवलं होतं म्हणून जमलं, ती मात्र खाली उभी राहून रडली.

नियमाप्रमाणे उतरलो तो दिवस शून्य. दहा दिवस त्यानंतर पूर्ण, म्हणजे २६ च्या रात्री बारापर्यंत. आम्हाला माळ्यावरची खोली दिली होती, छत उतरतं, त्यात एक तिरकी खिडकी, बाथरूम वरतीच. घरातल्या बाकीच्यांना क्वारंटाइन नाही, फक्त आमच्यापासून लांब राहायचं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी फोन. टेस्ट अँड ट्रेसमधून, म्हणजे तिकडच्या सरकारी कोरोना तपासणीवाल्यांकडून, बाई अगदी गोड बोलणारी, पण वाचून दाखवत होती हे कळत होतं. तुम्ही या पत्त्यावरच आहात ना, बाहेर पडलात तर दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो हे माहीत आहे ना, दुसऱ्या दिवसाचं किट मिळालं ना. हे प्रत्येक वाक्याला "येस मॅडम". फोन ठेवल्यावर दहा हजार पौंडांचे रुपये केले आणि म्हणाले, "आपला खालचा फ्लॅट घेतला तेव्हा एवढे दिले होते."

संध्याकाळी टीव्हीवर बातमी की ४ ऑक्टोबरपासून अंबर-ग्रीन सगळं बंद, एकच रेड लिस्ट ठेवणार आणि आणखी सतरा देशांत घेतलेली लस चालणार. जावयांनी जिन्यात उभं राहून यादी वाचून दाखवली. जपान, कॅनडा, कुवेत, मलेशिया, बार्बाडोस, अँटिग्वा. आम्ही वाट बघतोय. संपली यादी. ह्यांना क्रिकेटमुळे अँटिग्वा माहीत होतं, "तिथे कोण बनवतं लस?" असं तीन वेळा विचारलं.

१८ सप्टेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवसाची टेस्ट, स्वतःची स्वतः. किट म्हणजे चपटा पुठ्ठ्याचा डबा, त्यात लांब काडी, छोटी बाटली, बारकोडचे स्टिकर, दोन प्लास्टिकच्या पिशव्या. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आरशासमोर आ करून घशात मागे दोन्ही बाजूंना काडी फिरवायची, जिभेला दाताला लागू द्यायची नाही, आणि मग तीच काडी नाकात. ह्यांना काडी दिसली की उबळ. एकदा, दोनदा, मग म्हणे तूच घाल. मी एका हाताने ह्यांची हनुवटी धरून, दुसऱ्या हाताने काडी, मोबाईलचा टॉर्च ह्यांच्याच हातात, आणि ह्यांच्या डोळ्यातून धारा. मग काडी बाटलीत खुणेवर मोडायची, झाकण घट्ट, बाटलीवर बारकोड आडवा नाही उभा लावायचा, तारीख-वेळ लिहायची, वेबसाइटवर नंबर रजिस्टर करायचा, नाहीतर लॅब ती बाटली टाकून देते. डबा घडी घालून बंद करेपर्यंत तास गेला. जावई तो कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीत टाकून आले, प्रत्येक पेटी चालत नाही, ज्यावर प्रायॉरिटीचा स्टिकर आहे तीच.

१९ सप्टेंबर, रविवार. अनंत चतुर्दशी. लेकीने आम्ही येणार म्हणून गणपती दहा दिवसांचा ठेवला होता, वीतभर शाडूची मूर्ती. संध्याकाळी आरती खाली आणि आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर टाळ्या वाजवत. विसर्जनाचा प्रश्न आला. मागच्या अंगणात बादली तयार होती, पण साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विहीणबाई म्हणाल्या, घरात पोटुशी बाई असताना आमच्यात विसर्जन करत नाहीत, मूर्ती ठेवून देतात. काही घरांत पाळतात असं, आमच्यात नाही. मी म्हटलं उत्तरपूजा करा आणि ठेवा, कशाला उगाच कुणाच्या मनाला लागेल. तर गणपती दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर. ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "बाप्पांनाही मुक्काम वाढवलाय, फॉर्म भरला का त्यांचा?"

२० आणि २१ सप्टेंबर. सोमवारी न्यूयॉर्कमध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर त्यांच्या नव्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांना भेटले आणि हा विषय काढला. मंगळवारी आपल्या परराष्ट्र सचिवांनी भेदभाव हा शब्द वापरला आणि आम्हीही तसंच करू अशी जाणीव करून दिली. ह्यांचा दिवस मस्त जात होता, बातम्या, त्यावर पुण्यातल्या मित्रांना फोन, परत बातम्या.

माझं मात्र लक्ष नव्हतं. लेकीच्या पायाला सूज होती, खाली स्वयंपाक करताना भांडं ठेवल्याचा आवाजही मला वेगळा वाटायचा, आणि मी वर बसून भाजी निवडायला तरी पाठव म्हणत होते. तिनेच शोधून काढलं की पाचव्या दिवशी एक जास्तीची टेस्ट विकत घेता येते, टेस्ट टू रिलीज म्हणतात, निगेटिव्ह आली की लगेच मोकळं. फक्त इंग्लंडपुरतं, आणि आठव्या दिवसाची टेस्ट द्यायला लागतेच. ह्यांनी किंमत ऐकली आणि म्हणाले तुझी कर, मी बसतो इथेच, मला कुठे बाळंतपण करायचंय. पाच दिवस आधी सुटण्यासाठी एवढे पैसे द्यायला ते तयारच नव्हते. मग मंगळवारी मी एकटी जावयांबरोबर सेंटरवर जाऊन देऊन आले. त्या जाण्यायेण्यात पहिल्यांदा रेडिंग बघितलं, विटांची घरं आणि ब्लॅकबेरीची झुडपं.

२२ सप्टेंबर, बुधवार. दुपारी एकला माझा रिपोर्ट, निगेटिव्ह. मी पहिली खाली गेले, हात धुतले, आणि लेकीला धरलं, काय सांगू. पुढच्या मिनिटाला कढई काढायला लावली. तिकडच्या दुकानातलं लोणी आणून जावयांनी आधीच कढवून ठेवलं होतं. डिंक तळला, फुलला की असा पांढरा शुभ्र होतो ना, लेक बाजूला खुर्ची टाकून बसली, गुळाचा पाक मी डोळ्यांनी बघून करते, आणि खारकेचा वास घरभर. लाडू अजून बाळंतिणीचे नव्हते खरं तर, तिला महिना होता, पण मला थांबवेना.

त्याच दिवशी ब्रिटनने मान्य लसींच्या यादीत कोव्हिशील्डचं नाव घातलं! वर हे जल्लोष करायला लागले, मग जावयांनी पुढचं वाचलं. लस मान्य, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य नाही. म्हणजे बाटली खरी, कागद खोटा. म्हणे कोविनवर पूर्ण जन्मतारीख नाही, नुसतं वय आहे. एवढ्यासाठी आमचे दहा दिवस? महिनाअखेरीला कोविनने परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेसकट सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली तेही.

आता घरातली अवस्था बघा. मी कायद्याने मोकळी, बाजारात जाऊ शकते, बसमध्ये बसू शकते. हे कोंडलेले. मी दुपारी ताट वर नेऊन दाराबाहेर स्टुलावर ठेवते, दार वाजवते आणि मागे सरकते, लेकीने तसा दंडकच घातला होता. आणि रात्री झोपायला त्याच खोलीत, त्याच गादीवर. हे म्हणाले, "व्हायरस बहुतेक फक्त जेवताना पसरतो."

२३ सप्टेंबर, गुरुवार. दारावर माणूस. फ्लोरोसंट जाकीट, गळ्यात ओळखपत्र. दार मी उघडलं. त्याच्याकडे यादीत दोन नावं. माझं रिलीज झालेलं त्याच्या फोनवर अजून आलं नव्हतं, मी मोबाईलवर रिपोर्ट दाखवला, बरं म्हणाला. मग साहेब कुठे आहेत? वर. त्यांना बघायचंय. मी खालून हाक मारली, "अहो, खिडकीत या!" माळ्याच्या तिरक्या खिडकीतून ह्यांचं अर्धं डोकं आणि पासपोर्ट धरलेला एक हात बाहेर आला. त्या माणसाने फूटपाथवर मागे मागे जात, मान वर करून फोटो आणि चेहरा जुळवला, अंगठा दाखवला आणि गेला. समोरची म्हातारी पडदा बाजूला करून सगळं बघत होती. नंतर तिने आम्हाला केक आणून दिला, तेव्हा तिने विचारलं की तुमच्या मिस्टरांनी काय केलं होतं.

२४ ते २६ सप्टेंबर. आठव्या दिवसाची टेस्ट, परत तीच काडी, तोच टॉर्च. आणि तोवर त्या खाजगी कंपनीकडून दुसऱ्या दिवसाच्या टेस्टचा रिपोर्ट आलेलाच नव्हता. फोन केला की रेकॉर्डेड आवाज, ईमेलला उत्तर म्हणून एक ऑटोमॅटिक ईमेल. आठव्या दिवसाचा रिपोर्ट रविवारी आला, आणि दुसऱ्या दिवसाचा त्याच्या नंतर, सोमवारी. दुसरा दिवस कशासाठी तर म्हणे नवीन व्हेरियंट लवकर सापडावा! ह्यांचं क्वारंटाइन संपल्यावर कळलं की सुरुवातीला ते निगेटिव्ह होते.

रविवारी रात्री बाराला हे मुद्दाम चप्पल घालून अंगणात जाऊन आले.

ऑक्टोबर उजाडला तसं आपल्या सरकारने खरंच तसंच केलं. ४ तारखेपासून ब्रिटिश नागरिकाला भारतात येताना निघायच्या आधी टेस्ट, उतरल्यावर टेस्ट, आठव्या दिवशी टेस्ट आणि दहा दिवस क्वारंटाइन, लस कितीही घेतलेली असो. इकडे टीव्हीवर बघून हे खूश, आणि लेकीची एक मैत्रीण, मूळची कोथरूडची, आता ब्रिटिश पासपोर्टवाली, दसऱ्याला आईकडे निघालेली, ती पहिल्या तडाख्यात सापडली. तिने आम्हाला फोन करून विचारलं, काका, खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय सर्टिफिकेट मानलं आणि १३ तारखेला आपणही नियम मागे घेतला, तोवर दोन्हीकडची सामान्य माणसं बसली होती आपापल्या खोल्यांत.

नात झाली, सगळं नीट झालं, त्याचं वेगळं लिहीन कधीतरी.

परत आलो डिसेंबरात आणि तोवर कोरोनाचा नवा व्हेरियंट, ओमिक्रॉन. १ डिसेंबरपासून ब्रिटन आपल्या 'ॲट रिस्क', म्हणजे धोक्याच्या देशांच्या, यादीत. एअर सुविधा या आपल्या सरकारी पोर्टलवर फॉर्म, त्यात ७२ तासांतला आरटीपीसीआर अपलोड करायचा, फाइल मोठी झाली तर घेत नाही, जावई रात्री एक वाजता पीडीएफ लहान करत बसलेले. मुंबईत उतरल्यावर परत टेस्ट, साधी सहाशे रुपयांची, रॅपिड हवी तर त्याच्या कितीतरी पट. आम्ही साधी घेतली आणि खुर्च्यांवर तासनतास बसलो, आजूबाजूला लहान पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या हातात थेपले नाहीतर चिवडा. एक काका दर दहा मिनिटांनी काउंटरवर जाऊन विचारत होते. निगेटिव्ह आल्यावर सोडलं. मग हडपसरला सात दिवस घरात आणि आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट. कोव्हिशील्ड मान्य, सर्टिफिकेट मान्य, जन्मतारीख आहे, तरी घरातच, कारण आता आम्ही ब्रिटनहून आलो होतो. मनपातून रोज फोन यायचा, "काकू, ताप आहे का?", आणि खरं सांगते, त्या टेस्ट अँड ट्रेसवालीपेक्षा ही मुलगी मला जास्त बरी वाटली, एकदा तर तिने लाडवाला डिंक किती घालता तेही विचारलं.

विहीणबाई नंतर मार्चअखेरीला गेल्या. १८ मार्च २०२२ ला ब्रिटनने सगळंच काढून टाकलं होतं, लोकेटर फॉर्म नाही, टेस्ट नाही, लसीचं विचारणं नाही. त्यांनी मला फोन केला, कोणकोणते कागद करू. म्हटलं पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, बस. असं कसं, म्हणाल्या, तुम्ही तर एवढी फाइल घेऊन गेला होतात. मी परत परत सांगितलं, जावयांनी सांगितलं, वेबसाइटचा स्क्रीनशॉट पाठवला. तरी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी साताऱ्यात आरटीपीसीआर करून घेतलीच, आणि पासपोर्टवरचं पूर्ण नाव रिपोर्टवर आहे ना ते मला फोटो पाठवून तपासून घेतलं.